भोपळ्याने शब्द दिला

"दिले शब्द," भोपळ्या म्हणाला. "बाराच्या बारा दिले."

चैत्रालीच्या हातातला कंगवा केसांतच अडकला. बारा कुठून आले? घरच्या या गोलमटोल यंत्रमानवाला ती एवढंच म्हणाली होती, "किरणगुरूंना शब्द दे, म्हणावं उद्यापासून शिकायला येते." शब्द देणं म्हणजे वचन देणं, हे बार्शीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. भोपळ्याला कळलं नव्हतं. त्याच्या पोटात चैत्रालीनेच विसरू नयेत म्हणून बारा शब्द ठेवायला दिले होते, आणि त्याने ते इमानदारीने पाठवून टाकले होते.

ते बारा शब्द सातवीच्या वर्गाच्या पाकिटाचे होते.

बार्शीला ऊन काही कमी नाही. शाळेच्या गच्चीवरच्या सौरपत्र्यांची उरलेली वीज गावाला जाई आणि बदल्यात वर्गाला 'किरण' मिळत. किरण म्हणजे आभासी नाणी (हातात धरता येत नाहीत, फक्त संगणकांच्या जाळ्यात असतात अशी). सातवीने वर्षभर ती या पाकिटात साठवली होती, मोठ्या दुर्बिणीसाठी. खजिनदार होती चैत्राली ढगे. उन्हाचा खजिना ढग्यांच्या घरात, म्हणून वर्गाने तिची यथेच्छ टिंगल केली होती, पण विश्वासही तिच्यावरच टाकला होता.

गेला आठवडाभर किरणचा भाव चढत होता आणि त्यातच किरणगुरू म्हणवणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला. 'नवशिक्यांसाठी खास! स्वस्तात घ्या, महागात विका. दुप्पट होणार, नक्की! जागा मोजक्याच, आजच शब्द द्या.' दुप्पट झाले तर दुर्बीणही दुप्पट मोठी येईल, असा हिशेब चैत्रालीने मनातच मांडला. विचारलं मात्र कुणालाच नाही.

आणि आता वर्गाचे गुप्त शब्द एका परक्याच्या हाती होते. पहिल्यांदा वाटलं, गप्प बसावं, कदाचित काही होणारही नाही. पण पाय आपोआप बाहेरच्या खोलीकडे वळले. तिथे निमाआत्या काम करत बसली होती. आत्या गूढलेखनशास्त्रज्ञ होती (निरोपांना कुलूप कसं घालावं, हे शोधणारी). चैत्रालीने रडत रडत सगळं सांगितलं.

"कोणते शब्द, भोपळ्या?" आत्याने विचारलं.

"चिंच, नांगर, पैंजण..."

"पुरे! मोठ्याने म्हणू नकोस." आत्या रागावली नाही. तिचा चेहराच उतरला, आणि ते बघून चैत्रालीला जास्त भीती वाटली.

"पण आत्या, पाकीट माझ्याच फोनमध्ये आहे. त्याला कुलूपही आहे."

"चैत्रू, पाकिटात नाणी नसतातच." आत्या बोलता बोलता संगणक उघडत होती. "गावच्या चावडीवर सगळ्यांना वाचता येईल अशी वही ठेवलीय असं समज. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे कोणत्या खात्यावर, किती किरण, ते सगळं तिच्यात लिहिलंय. त्याच वहीची नक्कल हजारो संगणकांकडे आहे आणि प्रत्येक नवं पान आधीच्या पानाला जखडलेलं आहे. मधलं पान कुणी खोडू शकत नाही. म्हणून त्याला साखळी म्हणतात. तुझ्या पाकिटात असते ती फक्त किल्ली. आणि ती किल्ली या बीजशब्दांतून तयार होते (म्हणजे ज्या बारा शब्दांतून तीच किल्ली जगात कुठेही पुन्हा बनवता येते)."

"म्हणजे आता त्याच्याकडेही..."

"हो. या घडीला तोही तुझ्याइतकाच मालक आहे."

चैत्रालीने घाईघाईने फोन पुढे केला. "बँकेला सांगूया ना! ते थांबवतील."

"इथे मधे बँक नाही गं. तीच यातली गंमत आणि तीच यातली भीती. एकदा पानावर उतरलेलं परत फिरत नाही." आत्याने एक नवंच पाकीट तयार केलं. त्याचे नवे शब्द चैत्रालीकडून कागदावर लिहून घेतले आणि भोपळ्याला दाराबाहेर घालवलं. "आता जुन्या पत्त्यावरचे सगळे किरण या नव्या पत्त्यावर पाठव. लवकर!"

चैत्रालीने कळ दाबली. पडद्यावर तिची मागणी उमटली. आणि तिच्याखाली लगेच दुसरी उमटली. तेच किरण, पण जाणार होते भलत्याच पत्त्यावर.

"आलाच मेला," आत्या पुटपुटली. "घाबरू नकोस, नीट बघ. दोन्ही मागण्या अजून दारात उभ्या आहेत. एकच नाणं दोघांना देता येत नाही, म्हणून यातली एकच पानावर चढेल. पान लिहिणारे संगणक त्याच किरणांतून मजुरी कापून घेतात. ज्याची मजुरी जास्त, त्याला ते सहसा आधी आत घेतात."

चैत्रालीने मजुरी वाढवली. चोरानेही वाढवली. तिने पुन्हा वाढवली, त्याने पुन्हा. दोघं मिळून सातवीच्या दुर्बिणीचे लचके तोडत होते.

"आत्या, तूच सांग ना किती देऊ!"

"तुमच्या वर्गाने तुला खजिनदार केलंय, मला नाही. चोराला फुकटचं मिळतंय, तो बराच वर जाईल. पण त्याला हावही आहे. तो कुठे थांबेल, एवढाच प्रश्न आहे."

चैत्रालीने डोळे मिटले. सगळं जाण्यापेक्षा... "अर्धे," ती म्हणाली. "अर्धे मजुरीला जाऊ देत."

तिने आकडा भरला आणि दोघी पडद्याकडे बघत बसल्या. नवं पान तयार होत होतं. चैत्रालीने आत्याचा हात इतका घट्ट धरला की आत्याच्या बांगड्या तिच्याच तळव्यात रुतल्या. मग पान साखळीला जोडलं गेलं. अर्ध्यावर पाणी सोडायला न धजलेल्या चोराची मागणी पुसली गेली. नव्या पत्त्यावर उरलेले अर्धे किरण सुखरूप होते.

चैत्राली हुंदके देऊन रडली. ती शांत झाल्यावर आत्या म्हणाली, "भाव का चढतो? घेणारे जास्त झाले की चढतो, विकणारे जास्त झाले की उतरतो. उद्या कोण किती येणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग 'नक्की दुप्पट' कोण म्हणेल? त्याला ते ठाऊक असतं, तर तुला बोलवायला आला असता का? मोठी झालीस की शिक खुशाल हा व्यवहार. पण किल्ली सांभाळणं आधी शिकायचं, भाव नंतर. आणि बुडाले तरी चालतील, असे स्वतःचेच पैसे लावायचे. दुसऱ्यांचे कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी चैत्रालीने वर्गापुढे उभं राहून सगळं सांगितलं, अगदी हावेसकट.

"म्हणजे दुर्बीण नाही?" जुबेरने विचारलं.

"छोटी येईल," ती म्हणाली. "चंद्रावरची विवरं तिच्यातूनही दिसतात. मी चौकशी करून आले."

मग बाईंनी निमाआत्याने सुचवलेला उपाय फळ्यावर लिहिला: बहुकिल्ली पाकीट (तीन जणांकडे तीन किल्ल्या, त्यांतल्या दोघांनी होकार दिल्याशिवाय एकही नाणं न हलणारं). पुढच्या वर्षीचे किरण अशा पाकिटात राहणार होते. दोन नावं पटकन ठरली. तिसऱ्या नावाच्या वेळी चैत्रालीने मान खाली घातली.

मागच्या बाकावरून हिना मुलाणी उठली. वर्गात सगळ्यात कडक तीच. खडूचे तुकडेसुद्धा मोजून परत घ्यायची.

"तिसरी किल्ली चैत्रालीला द्या," हिना म्हणाली. "दुधानं तोंड पोळलंय तिचं. आता ती ताकसुद्धा फुंकून पिईल. आपल्यातल्या बाकी कुणाचं अजून पोळलेलं नाही."