येतानाचा आवाज

सायकलचा आवाज नेमका कुठून येतो, हे सायकल कधीच खरं सांगत नाही. वाटतं पायडल वाजतंय, आणि निघतो सीटखालचा नट. म्हणून मी गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि त्यातलं काहीही मनावर घेत नाही. पाय थांबवले की आवाज थांबतो का? सीटवरून उठलं की? एकेक संशयित बाजूला काढत गेलं की शेवटी उरतो तो चोर. माझ्या दुकानातून एकही सायकल कुरकुरत परत गेलेली नाही. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. दाराबाहेर गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाकडं. त्याचा एक पाय आखूड. एकटं माणूस बसलं की ते ‘टक’ करून कलतं, उठलं की पुन्हा ‘टक’. चार-पाच जण दाटीने बसले तरच गप्प राहतं. लेक रोज सकाळी त्याच्या मधोमध बसून बुटांच्या नाड्या बांधते, आणि बायको रोज म्हणते, “जगाचे आवाज बंद करता, दारातलं बाकडं तेवढं वाजू देता.” मी म्हणतो, ती माझी घंटा आहे. कुणी आलं की आत बसल्या बसल्या कळतं.

लेकीला चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिच्यासाठी मी सायकल स्वतः जोडली. चाकं, चेन, मागचं कॅरियर, सगळं निवडून घेतलं. तिच्या आईला मात्र ही नोकरीच पसंत नव्हती. रस्ता लांबचा, मधला भाग ओसाड. पलीकडून नवा रस्ता झाल्यापासून तिकडे बससुद्धा फिरकत नाही. पण लेक हट्टाला पेटली होती आणि मी तिच्या बाजूने होतो.

पहिल्याच संध्याकाळी ती कोपऱ्यावर दिसायच्या आधी सायकल ऐकू आली. कर्रर्र... कट. कर्रर्र... कट.

“झालं,” बायको म्हणाली. “भर रस्त्यात मोडून पडली म्हणजे? हा आवाज गेला नाही तर नोकरी बंद. मी आत्ताच सांगून ठेवते.”

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिची नोकरी माझ्या पान्यावर आली होती, आणि वर स्वतःच्या हाताने जोडलेली सायकल अख्ख्या गल्लीत बोंब मारत आली होती. त्या रात्री मी नीट जेवलोही नाही.

मी मडगार्डचे नट आवळले. दुसऱ्या संध्याकाळी कर्रर्र... कट. पायडलं बदलली, बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरलं, सीट काढून दुसरी बसवली. गल्लीत फेरी मारली की चिडीचूप. रोज संध्याकाळी लेक परतली की पुन्हा तेच, आणि मागोमाग दारातल्या बाकड्याची टक.

“बाबा, जाताना आवाज येत नाही,” ती म्हणाली. “येतानाच येतो.”

“सायकलला जाणं-येणं कळत नसतं,” मी खेकसलो.

“मग मी काय खोटं बोलते? जुन्या बसथांब्यापाशी चढ आहे. तिथे मी उतरते, थोडं चालते. परत बसले की सुरू.”

मी कान टवकारले. हा आवाज मला ओळखीचा होता. मागे कुणी बसलं की कॅरियर असं कण्हतं.

“मागे कुणाला घेतेस?”

“कुणाला घेऊ? तो चढ मला एकटीलासुद्धा चढवत नाही.”

तिच्या सुट्टीच्या दिवशी मीच सायकल काढली. निघताना मागच्या चाकात हवा दगडासारखी ठासून भरली. भर दुपारची वेळ होती. कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो, एक आवाज नाही. तिथून फिरलो. चढ लागला तसा लेकीसारखाच उतरलो.

थांब्याला पत्र्याचं छप्पर होतं आणि खाली सिमेंटची बैठक. वेळापत्रकाची पाटी उन्हाने कोरी झाली होती. बैठकीवर पाचोळा पडला होता, पण मधल्या काही जागा स्वच्छ होत्या. बसायला येतील एवढ्याच.

मी सायकलवर बसलो.

कर्रर्र... कट.

पायाला वजन लागलं. वळून पाहिलं. कॅरियर रिकामं. त्याखाली मागचा टायर पसरून रस्त्याला टेकला होता, दोघं बसल्यावर टेकतो तसा. उतरून अंगठ्याने दाबून पाहिला. हवा जशीच्या तशी होती.

मला भीती वाटली. साधी, सरळ भीती. मागे न बघता पायडल मारत घर गाठलं.

सायकल भिंतीला लावली तशी ती हलकी झाली. मी आत जाऊन पाणी प्यायलो. बाहेर बाकडं वाजलं. टक.

गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर डोकावलो. कुणी नव्हतं.

त्याच दुपारी मी कॅरियर काढून टाकलं. त्याचे आटे गेले होते, असं घरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक दारात येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागला नाही, इतकी सायकल गप्प होती. ती खुशीत होती. बायकोनेही हात टेकले. “जा बाई, कर नोकरी,” म्हणाली.

आज सकाळी मी दुकानात एक चाक सरळ करत होतो. लेक डबा घेऊन बाहेर गेली आणि नाड्या बांधायला बाकड्यावर बसली.

टक झालं नाही.

मी थांबलो. वाट पाहिली. हात तसाच चाकावर होता.

नाही झालं.

दारात आलो. लेक बाकड्याच्या अगदी कडेला बसली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. बाकीचं बाकडं रिकामं होतं.

“अगं, पडशील,” मी म्हणालो. “मध्ये बस ना, नेहमीसारखी.”

“जागा कुठे आहे, बाबा?” मान वर न करता ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागली.