रसेलशी बरोबरी

माझं काम माशांचं तापमान मोजण्याचं. ग्रिम्सबीच्या गोदीजवळ मासे गोठवण्याचा एक कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मला सत्तावीस वर्षं झाली. हॅडॉकच्या खोक्यातून एक तुकडा काढायचा, त्यात सुई खुपसायची, आकडा लिहायचा. आकडा विचित्र वाटला तर सुई पुसून पुन्हा मोजायचा. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं सांगणारी बाई हवेत गोष्टी बघणारी नाही, एवढं माहीत असलेलं बरं.

आमच्या कँटीनमध्ये दहा जणांची फुटबॉल लीग आहे. खेळ फोनवरचा. प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपापला संघ करायचा, आणि शनिवार-रविवारी ते मैदानावर जे काही करतील त्याचे गुण आपल्याला. गोल केला की गुण, पिवळं कार्ड मिळालं की वजा. दर आठवड्याला उरलेल्या नऊ जणांपैकी एकाशी गाठ पडते आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. शनिवारी सकाळी अकराला निवड बंद होते. समोरच्याने कुणाला घेतलंय ते त्यानंतरच दिसतं.

लीग चालवतो क्लाइव्ह स्टॅमर्स, आमचा फोर्कलिफ्टवाला. सोमवारी सकाळी हरलेल्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभं राहिल्याशिवाय त्याला नाश्ता जात नाही.

"काय गं जॅन, तुझा कॅप्टन मैदानात उतरला होता की बायकोबरोबर बाजारात गेला होता?"

"तुझा तरी शुद्धीत होता का?"

असं चालायचं.

लीगमधला दहावा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ रसेल. कारखाना सोडून तो समुद्रातल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करणाऱ्या बोटीवर लागला होता, पण लीग त्याने सोडली नव्हती. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आई गेली आणि आमचं बोलणं थांबलं. अंत्यविधीनंतर तो मला एवढंच म्हणाला होता, "मला आधी का नाही कळवलंस?" मी म्हणाले, "सगळं अचानक झालं रे." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पॉलाला, त्याच्या बायकोला, घेऊन निघून गेला. ते राहतात ते इमिंगहॅम काही लांब नाही, बसने अर्धा तास. मी गेले नाही. तोही आला नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला. यादीत रसेलचा संघ होता, 'हंबर रोव्हर्स', नेहमीचाच. दुसऱ्या आठवड्यात माझी त्याच्याशी गाठ होती, आणि त्या शुक्रवारी त्याच्या संघाचं नाव बदललेलं दिसलं. 'निळी बादली'.

मी प्रयोगशाळेत एकटी होते, तरी मोठ्याने हसले.

मी नऊ वर्षांची होते, रसेल सहाचा. क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी समुद्रातल्या त्या जुन्या किल्ल्याकडे चालत जायचं आम्ही ठरवलं. अर्ध्या वाटेत मागून पाणी भरलं. पोटापर्यंत आलेल्या पाण्यातून मी त्याला ओढत आणलं. तो एका हाताने मला धरून होता आणि दुसऱ्या हातात त्याची निळी बादली होती, ती सोडायला तयार नव्हता. घरी आम्ही काही सांगितलं नाही. आई मरेपर्यंत तिला ते कळलं नाही.

म्हणजे त्याने हात पुढे केला होता. निदान मी तरी तसंच धरलं.

त्या आठवड्याचा निकाल चोपन्न-चोपन्न. बरोबरी.

वर्षातून चार वेळा आमची गाठ पडायची. पुढच्या वेळी मी माझ्या संघाचं नाव ठेवलं 'हरवलेला बूट', कारण त्या चिखलात माझा एक बूट राहिला होता. त्याचं त्या आठवड्यातलं नाव होतं 'वाळूत पडलो सांग'. हेच मी त्याला घरी बोलायला शिकवलं होतं, शब्दन्‌शब्द. एरवीच्या आठवड्यांत तो पुन्हा 'हंबर रोव्हर्स' असायचा. फोन करावा असं दर वेळी वाटायचं. मग वाटायचं, हे बरं चाललंय, बोलायला गेलो की बिघडेल. दोन-तीन शब्दांची चिठ्ठी, वर्षातून चार. काही भावंडांमध्ये तेवढंही नसतं.

निकाल एकसष्ट-एकसष्ट. पुढचा अडतीस-अडतीस.

"तुम्ही दोघं संगनमत करता," क्लाइव्ह म्हणाला.

"कसं करणार? बोलत तरी आहोत का आम्ही?"

"तेच तर. बोलत नाही आणि गुण सारखे. आमच्या घरी उलटं आहे."

मी मात्र हिशेब मांडला. एका आठवड्यात बरोबरी होण्याची शक्यता साधारण चाळीसात एक. दुसऱ्या मोसमाअखेर आमच्या आठ झाल्या होत्या, आठही लागोपाठ. त्याचे खेळाडू आणि माझे खेळाडू कधीच सारखे नसत, बेरीज तेवढी सारखी. मी तो कागद घडी करून खणात ठेवला.

गेल्या ऑगस्टमध्ये नववी. नोव्हेंबरमध्ये दहावी. त्या शुक्रवारी, दहावीच्या आदल्या दिवशी, कोल्ड स्टोरेजच्या दाराशी उभं राहून मी फोन उघडला. नाव होतं 'त्याला फोन कर'.

हे शब्द आईचे होते.

शेवटच्या सकाळी तिने ते तीनदा म्हटले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दुसरा पलंग रिकामा, नर्स बाहेर. अकरा आठवडे मी तिचं सगळं केलं होतं आणि शुद्धीत होती तेवढा वेळ ती रसेलचं नाव घेत होती. मी म्हणाले, करते. आणि चहा प्यायला खाली गेले. फोन माझ्या खिशात होता. वीस मिनिटं मी तो खिशातच ठेवला. वर आले तेव्हा संपलं होतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. रसेलला तर नाहीच.

सुई पुसून पुन्हा मोजावं तसा मी विचार केला. नर्सने ऐकलं असेल, तिने त्याला सांगितलं असेल. पण दार बंद होतं, मीच लावलं होतं. बादलीची गोष्ट रसेलला आणि मला माहीत होती, आईला नाही. फोनची गोष्ट आईला आणि मला, रसेलला नाही. दोन्ही माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि मी तर ते नाव ठेवलेलं नव्हतं.

जानेवारीत पुन्हा गाठ आली तेव्हा मी एक प्रयोग केला. तेव्हा मी यादीत दुसरी होते. जिंकले असते तर पहिली आले असते. तरी मी अकरा आणि चार राखीव, पंधराच्या पंधरा खेळाडू जायबंदी घेतले. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा घोटा, एकाला तर कावीळ. एकही मैदानात उतरणार नव्हता. माझे गुण शून्य, हे नक्की. समोर कुणीही असो, अकरा धडधाकट माणसं खेळवून त्याला शून्य मिळणं शक्य नव्हतं.

शनिवारी अकराला त्याचा संघ दिसला. अकराच्या अकरा धडधाकट, त्या महिन्यातले सगळ्यात चांगले. त्या आठवड्याचं नाव होतं 'असं करू नकोस'.

दुपारी बारापासून वारा सुटला. आमच्या गोदीवर रिकामी खोकी उडत होती. पश्चिमेकडचे तीन सामने रद्द झाले, त्यात त्याचे सहा खेळाडू आणि चारही राखीव गेले. एकाच्या बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून तो मैदानातून परत फिरला. दोघांचं पोट बिघडलं. उरलेल्या दोघांपैकी एकाने दोन गुण मिळवले आणि दुसऱ्याला लाल कार्ड मिळून दोन वजा झाले.

शून्य-शून्य.

सोमवारी क्लाइव्ह माझ्या टेबलाशी आला. चिडवलं नाही. खुर्ची ओढून बसला.

"जॅन, हे काय चाललंय?"

"मला माहीत नाही."

"रसेल बरा आहे ना?"

"तू बोलतोस ना त्याच्याशी?"

"मी? नाही गं. ऑगस्टमध्ये लीगचं आमंत्रण पाठवतो, ते स्वीकारलं जातं. तेवढंच." त्याने मिठाची डबी सरळ केली. "आता काढताही येत नाही कुणाला. मोसम सुरू झाला की यादी पक्की."

मार्चमधल्या शुक्रवारी आलेलं नाव मला पहिल्यांदाच कळलं नाही. 'राखाडी गाडी, चौथी रांग'. मी आठवून बघितलं. आमच्याकडे राखाडी गाडी कधीच नव्हती. दोन दिवस मी त्या शब्दांवर घालवले आणि रविवारी दुपारी इमिंगहॅमच्या बसमध्ये बसले.

ते लोक एका लांब विटांच्या चाळीवजा ओळीत राहतात, सगळी घरं एकाच मालकाची. दार पॉलाने उघडलं. ती बाजूला झाली. रसेल स्वयंपाकघरात मटार सोलत होता. त्याचे केस पांढरे झाले होते.

"ये," तो म्हणाला. "चहा टाकतो."

मी टेबलाशी बसले. फोन समोर ठेवला. आमचा सामना चालू होता, शेवटचा खेळ संपायला वीस मिनिटं होती. माझे अठ्ठेचाळीस, त्याचे सत्तेचाळीस.

"रसेल, राखाडी गाडी म्हणजे काय?"

त्याच्या हातात किटली होती. ती त्याने खाली ठेवली, रिकामीच.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. तुझ्या संघाचं नाव आहे."

"कुठला संघ?"

"लीगमधला. आपण खेळतोय ना."

तो पॉलाकडे बघायला लागला.

"तो कुठला खेळतोय?" पॉला म्हणाली. "सासूबाई गेल्या त्याच हिवाळ्यात फोनवरून काढून टाकलं त्याने ते. शनिवारी आमच्याकडे फुटबॉल लावतसुद्धा नाही, जॅनिस. लावला की उठून बागेत जातो."

"आमंत्रण येतं तुला. क्लाइव्ह पाठवतो."

"कुठे पाठवतो?" रसेल म्हणाला. "ती मेल बंद करून तीन वर्षं झाली."

मी त्याला सगळी नावं वाचून दाखवली. बादलीला तो हसला. पुढे हसला नाही. 'त्याला फोन कर' मी शेवटी वाचलं आणि ते काय आहे तेही सांगितलं. चहा, खिसा, वीस मिनिटं. सांगताना मी मटाराच्या सालांकडे बघत होते.

रसेलने सालं गोळा करून एका ताटलीत टाकली.

"बोट आदल्या दिवशीच आली होती," रसेल म्हणाला. "हवा खराब होती म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. सकाळी कामावरल्या एकाची गाडी मागून घेतली आणि हॉस्पिटलला आलो."

पॉला भिंतीला टेकली.

"चौथ्या रांगेत लावली. तिथून तिची खिडकी दिसत होती. मला वर जाववेना. तिला तसं बघायचं माझ्याने होईना, जॅन. तासभर बसलो आणि परत फिरलो."

"राखाडी गाडी?"

त्याने मान डोलावली.

"तू खाली गाडीत होतास."

"हो. आणि तू खाली चहा पीत होतीस."

"हो."

"आणि ती वर."

टेबलावर फोन थरथरला. माझ्या बचावपटूला शेवटच्या मिनिटात पिवळं कार्ड मिळालं होतं. एक गुण वजा. सत्तेचाळीस-सत्तेचाळीस.

पॉलाने ओट्यावरचं फडकं उचललं आणि फोनवर टाकलं.

तेव्हापासून आम्ही बोलतो. दर रविवारी मी तिकडे जेवायला जाते, रसेल मला बसपर्यंत सोडायला येतो. आईबद्दल बोलतो, किल्ल्याबद्दल बोलतो. तीन वर्षं उगाच घालवली असं तो म्हणतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. हे कुणी केलं असेल ते असो, वाईट हेतूने केलं नसणार, असंही मी काही दिवस म्हणत होते.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात, मे महिन्यात, यादीप्रमाणे यंदा आमची आणखी एक, पाचवी गाठ आहे. नाव नेहमी आदल्या शुक्रवारी यायचं. या वेळी तीन आठवडे आधीच आलं. 'मंगळवार, हिरवं दार'.

मी विचारलं, रसेलला आठवेना. त्याने विचारलं, मला आठवेना. आईच्या घराचं दार निळं होतं. माझं पांढरं आहे, रसेलचं तपकिरी. हॉस्पिटलची दारं काचेची. आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार लहानपणापासूनची दारं मोजली, शाळेचं, चर्चचं, आत्याचं. हिरवं एकही नव्हतं.

"म्हणजे हे अजून झालेलं नाही," रसेल म्हणाला, आणि लगेच जेवणाचं काहीतरी बोलायला लागला.

काल पॉलाचा फोन आला होता. या रविवारी जेवायला बाहेर जाऊ या म्हणाली, घरात रंगाचा वास मारतोय. मालकाने ओळीतली सगळी दारं रंगवायला काढली आहेत. पहिल्या घरापासून सुरुवात केली आहे, पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारापर्यंत येतील.

कुठला रंग ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.