शेवटच्या बाकापर्यंत

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण धम्मपालचं कुणाला सांगितल्याशिवाय चैन पडंना.

धम्मपाल मूळचा इस्लामपूरचा, सांगलीत साउंड सिस्टिमचं काम करायचा. पुरात खोलीत पाणी शिरलं, तसा ॲम्प्लिफायर डोक्यावर घेऊन तो कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, पायऱ्या चढला. इंग्रजांच्या काळातली इमारत, उंचावर तेवढीच. आत सगळ्या जातीधर्माची माणसं, बाकांवर पोरं झोपवलेली. दारात भाताचा डाव घेऊन सोनिया उभी.

“डोक्यावरचं बाळ खाली ठेव आणि ताट धर.”

“बाळ न्हाई ओ, ॲम्प्लिफायर हाय.”

“मग त्याच्या वाटचा पण तूच खा!”

गडी तिथंच कामातनं गेला…

पाणी ओसरलं. फादरांनी माईकचं काम त्यालाच दिलं. दर रविवारी तो मागच्या खांबाशी, ती पुढं गाणाऱ्यांत. आवाज बरोबर लागला की तो अंगठा दाखवायचा. ती मुद्दाम नाक मुरडायची. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की वायर गुंडाळायला दुसरं टोक धरायची.

“काही बोलायचंय का?”

“…वायर ओली हाय. जपून.”

एवढंच!

मग एका रविवारी त्याच माईकवरून सोनियाचं लग्न पुकारलं. मुलगा पुण्याचा. तिथली रीतच तशी — लग्नाआधी तीन रविवार पुकारायचं, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगा म्हणायचं. तिन्ही वेळा सोनियानं मागं वळून बघितलं. तिन्ही वेळा धम्मपाल बटणांत डोकं घालून बसला.

तिसऱ्या रविवारी ती खांबाशी आली.

“तीन रविवार वाट बघितली रे मी.”

“ते तुमच्या लोकांसाठी असतंय की… आमी बाहेरचं.”

“भात वाढताना विचारलं होतं का मी, कुठला म्हणून?” तिचे डोळे भरले. “माईकवर नको… पण मला तरी सांगायचंस.”

“आता सांगू?”

“आता मी त्याला हो म्हणून बसलेय, धम्मा.”

वायरचं टोक त्याच्या हातात देऊन ती गेली.

लग्नाच्या मांडवाचं काम त्याच्या दोस्ताकडं, अमृतकडं होतं.

“माईक मी बघतो गड्या. तू येऊ नगस. ती हो म्हणायच्या टायमाला वायर काढशील.”

धम्मपालनं वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं.

“न्हाई काढत. शब्द देतो तुला, अमऱ्या… तिचं ‘हो’ शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल. मी तिथंच बसणार हाय.”