हणमंतरावांचा होकार

सकाळचे साडेआठ वाजले तरी टॅबने चहा मागितला नाही, तेव्हा शालनकाकूंनी स्वयंपाकघरातूनच त्याचा उद्धार केला. "झोपलंय वाटतं मेलं! आठ महिने नुसतं चहा चहा करत होतं."

टॅब झोपला नव्हता. बाहेरच्या खोलीत हणमंतरावांच्या कॉटशेजारी, स्टँडवर, तो चांगला उजेड पाडत उभा होता. विट्यात आज ऊन किती पडणार ते दाखवत होता, कुठल्याशा साडीच्या दुकानाची जाहिरात दाखवत होता. फक्त खालच्या ओळीतला, भोपळ्याच्या फुलासारखा पिवळा चौकोन तेवढा जाग्यावर नव्हता. 'गुणगुण' गेलं होतं.

'गुणगुण' म्हणजे तसं गाण्याचंच ॲप. लोक त्यावर गाणी ऐकायचे, अर्धीमुर्धी चाल गुणगुणून हे कुठलं गाणं म्हणून विचारायचे. पण दीड वर्षापूर्वी हणमंतराव तोडकरांना झटका आला, उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणं बंद झालं, आणि थोड्या दिवसांनी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना एक नवल दाखवलं. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तो आरतीची ओळ सुरात म्हणत होता, शब्दांसकट! बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या अंगाला, गाण्याची बरीचशी उजव्या. डावं अंग वाळलं होतं, उजवं हिरवं होतं. तेव्हा जे बोलायचं ते चालीवर गुणगुणायचं, गळ्याला बांधलेल्या गळपट्टीनं घशातली थरथर टिपायची, आणि 'गुणगुण'नं त्यातले सापडतील ते शब्द घेऊन, बाकीचे अंदाजानं जुळवून, सरळ वाक्य मोठ्यानं बोलून दाखवायचं. हणमंतरावांची फोनवरची जुनी बोलणी ऐकवून आवाजसुद्धा त्यांचाच बसवून घेतला होता.

आणि गेलं कधी, तर आज. दुपारी तीन वाजता पुण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर टॅबवर येणार होते. हणमंतरावांच्या मेंदूवर केसाहून बारीक तारांची जाळी बसवायची होती. एकदा ती बसली की गुणगुणायचीही गरज नाही, मनात आलं की टॅब बोलणार. धोका एकच, पण लहान नव्हता. जाळी बिघडली तर मेंदूचं उजवं अंगही वाळायचं, आणि आत्ता गळ्यातून येतंय तेवढंही जायचं. म्हणून नियम असा, की होकार पेशंटनं स्वतः डॉक्टरांना द्यायचा. घरच्यांचा चालत नाही.

घरात तो होकार चार दिवसांपूर्वीच मिळाला होता. "शालन, तू म्हणतेस ते बरोबर आहे, करून टाकू," असं टॅब खणखणीत बोलला होता. तेच आता डॉक्टरांपुढे बोलायचं, तर बोलणारंच परागंदा.

काकूंनी कंपनीला फोन लावला. पलीकडून पाकात बुडवून काढलेला आवाज आला. तेही यंत्रच.

"नमस्कार! मी आपली काय सेवा करू?"

"गुणगुण गेलंय."

"आपल्याला कोणती गाणी ऐकायला आवडतील?"

"तुझ्या तेराव्याची."

"माफ करा, हे गाणं सापडलं नाही. कृपया टॅब बंद करून पुन्हा सुरू करा."

"तीनदा केला. आता तुला बंद करू का?"

"धन्यवाद! आपली अडचण दूर झाली याचा आनंद आहे."

पुण्याहून लेकाचा, विकासचा, फोन आला. तो अशा यंत्रांच्याच कुठल्या तरी कचेरीत साहेब होता आणि सगळ्या जगाशी साहेबासारखंच बोलायचा. "आई, तू चुकून काहीतरी दाबलं असशील."

"हो तर. तुम्हा लोकांच्या हातून कधी चुकत नाही, आमच्याच बोटांना काटे आहेत."

"तसं नाही गं. कंपनीचा माणूस पाठवतो. पण तीनच्या आत झालं पाहिजे. आजची तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी मिळेल."

माणूस काही आला नाही. दीडच्या सुमाराला एक बाई आली, पस्तिशीची, पाठीला बॅग, छातीवर पिवळं फूल. प्रणिता चौगुले. आल्या आल्या तिनं हणमंतरावांना नमस्कार केला, एवढी एक गोष्ट काकूंना पटली. पुढची एकही पटली नाही.

"काकू, कधी कधी ते दुसऱ्या पानावर सरकतं."

"सगळी पानं उलटली."

"मग लपवलेल्यांत असेल."

"आमच्यात काही लपवालपवी नसते."

"टॅबमधली जागा भरली असेल. किंवा लहान मुलांचं कुलूप लागलं असेल."

"या घरात सगळ्यात लहान मी, सहासष्ट वर्षांची. एवढं शिकून तुम्ही हेच विचारता होय? असले प्रश्न तर तो फोनमधला मुडदापण विचारत होता."

प्रणिता हसली आणि खाली मान घालून टॅबच्या पोटात शिरली. काकूंना शिव्या न खाणारी माणसं आवडत नसत. त्यांनी तिच्यापुढे चहाचा कप आदळला, पण साखर मात्र बरोबर घातली.

पाच मिनिटांनी प्रणिताचं हसू गेलं. "काकू, हे आपोआप गेलेलं नाही. कुणीतरी काढलंय. काल संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. आणि 'पुन्हा येऊ देऊ नये' यावर खूणही केलीय."

"काल सहाला मी भाजी आणायला गेले होते. घरात चोर शिरला म्हणता?"

"अंगठ्याचा ठसा आहे. डावा अंगठा."

दोघींनी एकदमच कॉटकडे पाहिलं. हणमंतराव छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"यांनी?" काकू म्हणाल्या. "यांना घास धड उचलता येत नाही!"

पण बोलता बोलताच त्यांना आठवलं, की हा डावा अंगठा साधा नव्हे. चाळीस वर्षं तोडकर साऊंड सर्व्हिसच्या ॲम्प्लिफायरची बटणं त्यानं फिरवली होती. लग्नं, उरूस, निवडणुकीच्या सभा. लोक तासन्‌तास बोलायचे आणि हणमंतराव मांडवाच्या कोपऱ्यात, वायरींच्या गुंत्यात, गप्प बसून त्यांचे आवाज कमीजास्त करायचे.

"अहो, का काढलंत? आज डॉक्टर येणार, ठाऊक होतं ना? एवढं मी घसा फोडून फोडून सांगितलं, ते काय भिंतीला?"

हणमंतराव काहीतरी गुणगुणले. गळपट्टीचा दिवा लुकलुकला, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

"असू द्या काकू," प्रणिता म्हणाली. "दोन मिनिटांत परत टाकते. ते जे जे शिकलंय ते सगळं कंपनीकडे साठवलेलं आहे. जसंच्या तसं येईल."

हणमंतरावांनी डाव्या हातानं स्टँडला असा फटका मारला, की टॅब खाली पडता पडता प्रणितानं झेलला. मग तोच हात कपाटाकडे. कपाटावर जुना छोटा ॲम्प्लिफायर होता, त्याच्यावर कर्णा, आणि कर्ण्यात खुपसलेला माइक.

"आता ते भंगार कशाला? वरात काढायची आहे का?"

हात खाली येईना. शेवटी प्रणितानं खुर्चीवर चढून सगळं उतरवलं आणि वायर लावली. हणमंतरावांनी माइक डाव्या हातात घेतला, बटण फिरवलं, आणि माइक नेऊन थेट कर्ण्याच्या तोंडाला लावला.

अशी शिट्टी उठली की समोरच्या घरातलं कुत्रं केकाटलं. प्रणितानं दोन्ही कान झाकले. "काका! अहो काका, काय करताय?"

काकूंनी कान झाकले नाहीत. त्यांचा सगळा संसार या शिट्टीच्या शेजारी झाला होता.

"बंद करा," त्या हळू म्हणाल्या. "कळलं मला."

"काय कळलं?" प्रणितानं विचारलं.

"एवढी बॅग घेऊन फिरता आणि हे ठाऊक नाही? माइक बोलणाऱ्यापुढे धरायचा असतो. कर्ण्यापुढे धरला की कर्णा ओरडतो तेच माइक ऐकतो, तेच परत कर्ण्याला सांगतो, कर्णा आणखी ओरडतो. बोलणारा राहतो बाजूला. मग ही बोंब."

हणमंतरावांनी माइक टॅबकडे रोखला. मग सावकाश हात फिरवला आणि तोच माइक काकूंकडे रोखला.

प्रणिता खुर्चीत बसली आणि टॅबमधली जुनी नोंद वर ओढू लागली. तिचा चेहरा उतरत गेला. "काकू, दोन महिन्यांत काका जेवढी वाक्यं बोलले, त्यातली दहात आठ त्यांचं गुणगुणणं संपायच्या आधीच बोलली गेलीत."

"म्हणजे?"

"ते अंदाज करतं ना, तो बरोबर की चूक हे त्याला कळणार कसं? तर ऐकणाऱ्यावरून. ऐकणाऱ्यानं परत विचारलं, वाद घातला, तर अंदाज चुकला. ऐकणारा गप्प झाला, तर बरोबर आला. तसं ते शिकत जातं."

"आणि इथं ऐकणारं कोण?"

प्रणितानं टॅबकडेच बघत सांगितलं. "तुम्ही. म्हणजे काय बोललं की तुम्ही भांडत नाही, ते त्याला पाठ झालं. पुढं पुढं काकांनी नुसता श्वास घेतला तरी ते बोलून मोकळं व्हायचं."



काकू मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होत्या, आणि त्या शिव्या बाहेरच्या कुणाला दिलेल्या शिव्यांहून चांगल्याच तिखट होत्या. 'भाजी छान झालीय, शालन.' ज्या माणसाला लग्नानंतरच्या एकेचाळीस वर्षांत एकदाही मीठ बरोबर पडलेलं आढळलं नाही, त्याला रोज भाजी छान लागते आणि तू पदर सावरत हसतेस? ज्यानं 'अगं'च्या पुढे कधी हाक नेली नाही, तो शालन शालन करतो आणि तू गल्लीभर सांगत फिरतेस, की आजारपणानं माणूस सुधारला? गाढवीण आहेस. गाढवीणसुद्धा आपला धनी वासावरून ओळखते.

"चार दिवसांपूर्वी हो म्हणाले," त्या म्हणाल्या, "ते ऐकव. यंत्राचं नको. त्यांच्या घशातलं."

प्रणितानं गळपट्टीची नोंद लावली. एक श्वास. एक सूर, अर्ध्यात. मग त्याच्यावरच टॅबचं खणखणीत 'शालन, तू म्हणतेस ते बरोबर आहे, करून टाकू.' मग शांतता.

"पुढचं?"

"पुढचं नाही. वाक्य पुरं झालं असं धरून पट्टी टिपायची थांबली."

काकूंना ती संध्याकाळ आठवली. होकार ऐकताच त्या उठल्या होत्या, आत गेल्या होत्या, विकासला फोन लावून दोनदा सांगितला होता. मागे कॉटवर गुणगुणणं चालूच होतं. बराच वेळ चालू होतं. खुशीत आहेत, असं त्या विकासला म्हणाल्यासुद्धा होत्या.

"दोन मार्ग आहेत," प्रणिता म्हणाली. "जुनं आहे तसं टाकायचं, किंवा कोरं टाकायचं. कोऱ्यात अंदाज बंद. काका जो शब्द पुरा गुणगुणतील तेवढाच ते बोलणार, नाहीतर गप्प. पण एका वाक्याला दहा मिनिटं लागतील. अर्धा तासही."

तीनला वीस मिनिटं कमी होती. विकासचा फोन आला. काकूंनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"आई, आता हा घोळ नको. बाबांचा होकार झालाय. जुनंच टाका, डॉक्टरांपुढे एकदा बोललं की झालं. त्यांच्या भल्याचंच आहे ना?"

"असेल. बापाला विचारते तुझ्या."

"अगं पण त्यांना बोलता कुठं येतंय!"

"तुला येतंय ना? मग तू जरा गप्प बस," म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि प्रणिताला सांगितलं, "कोरं टाक."

पिवळा चौकोन परत आला. हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग प्रणिताकडे, आणि गळपट्टी नीट करायला मान पुढे केली. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या.

"अहो. मेंदूवर जाळी बसवायची म्हणतात. बसली तर बोलाल. बिघडली तर गाणंही जाईल. तुम्हाला काय पाहिजे? तुम्हाला. मला काय पाहिजे ते सोडा."

एवढं विचारून त्यांनी तोंड मिटलं. हे काम किती अवघड असतं याचा त्यांना आधी अनुभव नव्हता.

हणमंतराव गुणगुणू लागले. सूर चढे, मोडे, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. टॅब गप्प. पाच मिनिटं गेली. घामानं त्यांचं कपाळ भिजलं, प्रणितानं पुढे होऊन पुसलं. आणि टॅब बोलला, "मला."

पुन्हा गुणगुण. तीन वाजले. टॅबच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा चेहरा उगवला, मागे स्वच्छ पांढरी भिंत. "नमस्कार! तयार आहात ना तोडकर?"

"थांबा," काकू म्हणाल्या. "ते बोलतायत."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तेच म्हणते. थांबा."

आठ मिनिटांनी टॅब म्हणाला, "गाणं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, अजून तीन पेशंट आहेत मला. आमच्या इथल्या यंत्राला एवढ्यावरून पुढचं जुळवता येतं. जुळवू का? नाहीतर तुम्हीच सांगा, त्यांना काय म्हणायचं असेल? तुम्ही ओळखता त्यांना."

"तुमचं यंत्र घाला चुलीत," काकू म्हणाल्या.

हणमंतरावांनी डोळे मिटले होते. सूर गळ्यात अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. मला गाणं. पुढे काय? मला गाणं राहू दे? की मला गाणं पुरे झालं, बोलायचंय? दोन्ही शब्द काकूंच्या अगदी ओठांवर आले होते, आणि त्यांतला एक त्यांना फार हवा होता. त्यांनी दात घट्ट आवळले. त्यांच्याजवळ दोनच तर शब्द होते; हणमंतरावांच्या गळ्यात तिसराच कुठला असला तर?