छातीतल्या तारा

फॉर्म भरताना पेन चालेना म्हणून मी शेजारी बसलेल्याकडे मागितलं. खाकी शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा, हसरे डोळे.

"घाई नोका करू मॅडम. आत लय थंडी राह्यते."

वर्ध्याच्या दवाखान्यात, एमआरआयच्या खोलीबाहेर आम्ही दोघंच होतो. मी इला, नालवाडीच्या शाळेत शिकवते. जिना चढताना दम लागायला लागला, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला होता. तो कार्तिक, हिंगणीचा वनरक्षक.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तिसरी वेळ हाय. मले तं झोप लागते मशीनमंदी."

मला हसू आलं. फॉर्मवर पुढचा प्रश्न होता – पूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं आहे का? मी 'नाही'वर खूण केली.

माझ्या फॉर्मकडे बघून तो हळूच म्हणाला, "रागावू नोका... पण गळ्यापाशी जो वण दिसून राह्यला, तो ऑपरेशनचा हाय."

"नाही हो. दोन वर्षांची असताना अंगावर पत्रा पडला होता."

त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. तसाच वण – सरळ, गुळगुळीत, मधोमध. "लहानपणी रडलो का निळा पडत होतो. मंग ऑपरेशन झालं. आत हाड जोडाले तारा हायेत. तुमच्याबी असतीन. मशीनमंदी त्याईचं काई होत नाई."

मी आईला फोन लावला. "आई, मला पत्राच लागला होता ना?"

"कोनं सांगतलं तुले?"

"म्हणजे खरं आहे?"

"पोरीची जात, इला," आई रडत होती. "लगन कसं जमलं असतं? डॉक्टर म्हने दरवर्षी दाखवा. तू चांगली खेळत होती... मंग आमी नेलंच नाई."

चोवीस वर्षं. माझी छाती उघडून पुन्हा शिवली होती, आणि ते फक्त मलाच माहीत नव्हतं.

"मी भरू का फॉर्म?" कार्तिकनं विचारलं.

"नाही. मीच भरते." खोडून 'हो' लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं.

मशीनमध्ये ठोके घातल्यासारखा आवाज आणि हेडफोनमधून टेक्निशियन – "श्वास सोडा... थांबवा..." मी थांबवत राहिले. बाहेर आले तेव्हा कार्तिक तिथंच होता.

"तुमचा नंबर गेला?"

"मागून एक जन आला, त्याले जाऊ देल्लं. तुमी बाहेर आल्यावर कोनी तरी पाह्यजे होतं ना."

मी नुसती बघत राहिले... त्यानंच नजर खाली वळवली.

चार दिवसांनी आम्ही दोघंही रिपोर्ट घ्यायला आलो. डॉक्टर मला म्हणाले, "झडप गळतेय, त्यामुळे हृदयाचा उजवा कप्पा फुगलाय. जोर मात्र चांगला आहे. दरवर्षी एमआरआय करू. पुढे कधीतरी झडप बदलावी लागेल."

कँटीनमध्ये कार्तिक समोर बसला होता; माझ्या चहावर साय धरली. "रविवारी पाहुणे येतायत मला बघायला. आई म्हणते, सांगू नकोस."

"मंग?"

"सांगणार."

मी सांगितलं. मुलाच्या आईनं अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि सगळे उठले. आई माझ्याशी बोलेना. सोमवारी शाळा सुटल्यावर मी हिंगणीची बस पकडली. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

अंगणात कार्तिकची माय, भागाबाई, तूर पाखडत होती. कार्तिक बाहेर आला आणि मी कोण, काय झालं ते त्यानं तिला सांगितलं. ती उठली, माझ्या गळ्यापाशी बोट टेकवलं. "लपोलं काऊन? आमी तं याले उघडा घेऊन गावभर फिरलो होतो. वाचला म्हनून."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा रडले.

भागाबाई गोंडीत काहीतरी बोलली. कार्तिक लाजला.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते... पोरगी जेवाले थांबनार का?" मान न उचलता त्यानं तिचं पुढचंही सांगितलं. "आन् त्याच्यापुढं बी थांबनार का? पण मलेबी जनमभर दवाखान्याच्या चकरा हायेत, इला. चालन तुमाले?"

मॅडम नाही. इला.

"पुढच्या वर्षी दोघांची तारीख एकाच दिवशी घेऊ," मी म्हणाले. "आधी तू जा. मी बाहेर बसते."