उंबरठ्याचे तीन थर

सायखेड्याला, गोदावरीच्या काठी, द्राक्षबागेच्या मधोमध समुद्रावरचा बंगला उभा आहे असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. सगळं गाव हसलं होतं.

पण नाथाअप्पांनी ते करून दाखवलं. मालनबाईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि अप्पा दरवर्षी म्हणायचे, "छाटणी उरकली की जाऊ." छाटणी काही उरकली नाही. मग कोकणातल्या एका बंदरावरचा जुना बंगला पाडतायत असं कानावर आलं आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. बायकोला समुद्राकडे नेता येत नाही ना, मग समुद्राचं घरच उचलून आणू! नाशिकचे शौकतभाई सुतार यांनी एकेका खांबावर खडूने आकडे टाकले, ट्रक भरले आणि इथं आणून सगळं जसंच्या तसं जोडलं. सागवानी खांब, चहूबाजूंनी व्हरांडा, झिलमिलीच्या खिडक्या, मंगळुरी कौलं. घर कसलं, राजवाडाच. मात्र खिडक्याच खिडक्या असलेल्या त्या घराला दार एकच होतं, समुद्राच्या बाजूचं. आता ते बागेकडे आणि बागेपलीकडच्या नदीकडे तोंड करून होतं.

त्या दाराचा उंबरठा गुडघ्याएवढा उंच. अप्पा गेले, मागे हा उंबरठा राहिला.

या जानेवारीत मालनबाई खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी यायची होती. तिचा उजवा पाय उचलत नव्हता, घासत चालायची. थोरला रविराज म्हणाला, "आईला पंचवटीत माझ्या फ्लॅटवर नेतो. तिथं उंबरठेच नाहीत." धाकटी लेक हर्षाली भडकली. आईने उभा जन्म या मळ्यात काढला आणि आता चौथ्या मजल्यावर कबुतरं बघत बसायचं? तिने त्याच दिवशी शौकतभाईंना बोलावलं.

"हा कापा," ती म्हणाली. "फरशीला सपाट करा."

शौकतभाई उंबरठ्याशी उकिडवे बसले. "ताई, बघा हं. हे एक लाकूड नाही, तीन आहेत. खालचं सागवान, ते बांधणाऱ्याचं, तो गलबतांचा मालक होता. वरचं शिसवी, नंतरच्या मामलेदाराचं. आणि हे फणसाचं, शेवटच्या डॉक्टरांनी बसवलेलं. जो आला त्याने थर चढवला."

"पाणी आत येत असेल."

"बंगला टेकाडावर होता, ताई. पाणी पार खाली." त्यांनी लाकडावरून हात फिरवला. "अप्पांनी मला सांगितलेलं, जसं होतं तसं बसव."

"अप्पा नाहीत आता. आई आहे."

शौकतभाईंनी करवत लावली. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड, पण आतून ओलं निघालं. भुशाला खारट वास येत होता.

मालनबाई घरी आली. वॉकर टेकत, पाय ओढत, कुणाच्या आधाराशिवाय स्वतःच्या दारातून आत शिरली. टक… खर्र… टक… खर्र. "हर्षे, बापाने महाल बांधला आन् तू रस्ता केला गं," म्हणाली आणि हर्षालीला रडूच फुटलं.

निफाडच्या बाजूची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे, बोटं वाकत नाहीत. पौर्णिमेच्या दिवशी तर दुपार कलायच्या आतच नदीवरून धुकं चढलं आणि बागेत शेकोट्या पेटल्या. हर्षाली स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाहेरच्या दिवाणखान्यातून आवाज आला. खर्र… खर्र…

टक नव्हतं.

"आई! वॉकर घे आधी! पडलीस म्हणजे?" ओरडत ती बाहेर आली. दिवाणखान्यात कुणीच नव्हतं. आतल्या खोलीत मालनबाई पलंगावर बसून ओला हरभरा सोलत होती.

"मी कशाला उठू गं? तूच फिरतीयेस मघापासून."

हर्षालीने फरशी पाहिली. दारापासून दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत दोन ओले पट्टे आले होते, मागं ओलं लुगडं फरफटल्यासारखी पाण्याची रेघ. धुराचा वास होता, आणि त्याच्या खाली सुकटीचा.

ती घाबरली. उगाच कशाला खोटं सांगू, चांगलीच घाबरली. शौकतभाईंना फोन लावला. त्यांनी तानुबाईचा नंबर दिला. ती त्या बंगल्याची जुनी राखणदारीण, सगळा जन्म बंदरावर काढलेली.

"कापलात?" सगळं ऐकून तानुबाईने विचारलं. तिचा आवाज खाली आला. "गलबतवाल्याची बायको होती ती, बाय. नवऱ्याने एकदा भांडून तिला घराबाहेर काढलं आणि दार लावलं. भर उधाणात. खाली धक्क्यावर गेली, तिथून लाटेने ओढली. ती दारापर्यंत परत आलीच नाही… म्हणजे, जिवंत आली नाही. बुडालेल्या माणसाला पाय उचलता येत नाही. दार जाईल तिथं घासत येते आणि उंबरठ्याला अडते."

"मग तीन थर कशाला?"

"ती शिकत होती. थोडं थोडं वर चढायला." हर्षालीने सपाट दाराकडे पाहिलं. "उंबरठा बसवा. आणि उचलून घ्या म्हणाली तर घ्यायचं नाही. आवाज कुणाचाही असो… घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शौकतभाई धावत आले. जुने थर त्यांनी टाकले नव्हते. तिन्ही बसवले, वर चौथा चढवला. शेवटची खुंटी ठोकली तेव्हा हर्षालीचा जीव भांड्यात पडला. पण आता आई कोंडल्यासारखीच झाली ना! एवढा आटापिटा करून शेवटी रविराजचंच खरं झालं. तिने स्वतःच त्याला फोन केला, "दादा, ये. घेऊन जा आईला." आणि ती आईच्या पिशव्या भरायला बसली.

शौकतभाई परत गेले आणि रविराज दिवेलागणीला आला. लाईट गेलेली, धुकं व्हरांड्यावर चढलेलं. तो गाडीतच बसून राहिला, हेडलाईट लावून. हर्षाली पिशव्या डिकीत ठेवून वळली तर आई दारात येऊन उभी होती. उंबरठ्याच्या आत, डोक्यावरून शाल घेतलेली.

"वॉकर कुठंय तुझा?"

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "पाय उचलत नाही गं पोरी… उचलून घे मला."

हर्षाली क्षणभर थबकली. पण जे काही होतं ते बाहेर होतं, आणि आई तर आत होती. तिने वाकून आईला उचललं. ऑपरेशननंतर आई चिपाडासारखी हलकी झाली होती, आज मात्र भिजलेल्या पोत्यासारखी जड लागली. शालही दमट होती. धुकंच केवढं पडलंय, असं म्हणत तिने आईला मागच्या सीटवर बसवलं आणि पाय नीट आत घेतले. गारठून बर्फ झाले होते.

"दादा, हीटर लाव. तू हो पुढे, मी कुलूप लावून स्कूटीवर येते."

गाडीचे लाल दिवे बागेच्या टोकाला दिसेनासे झाले. हर्षाली खिडक्या लावायला उंबरठा ओलांडून आत गेली.

टक… खर्र… टक… खर्र.

मोरीच्या दाराशी मालनबाई वॉकर धरून उभी होती. चिडलेली, कपाळावर घाम.

"हर्षे, कवाची बोंबलतीये मी! मोरीची कडी भाईरून कुणी लावली? धक्के मारमारून उघडली. रवी आला का?"

उंबरठा बसवताना ती गलबतवाल्याची बायको बाहेर होती की आत, हे कुणी पाहिलंच नव्हतं. हर्षालीने फोन लावला. रविराजने उचलला, हसत होता.

"अगं, आई एकदम मजेत आहे. सारखी विचारतीये, तुझ्या घराला उंबरठा नाही ना रे?"