रिकाम्या गाडीची ओढ

सगळी दुनिया घाट भरलेली चढते आणि रिकामी उतरते. उस्तादांचा धंदा मात्र नेमका उलटा होता. दगडाची खाण डोंगराच्या माथ्यावर, लाद्या कापणारा कारखाना खाली. आपोआप गिअर बदलणारी डिझेलची पिकअप आणि तिच्या मागे चार चाकांचा ट्रेलर घेऊन सकाळी रिकामं वर जायचं, दुपारी दगड लादून खाली यायचं. उस्तादांनी चौदा वर्षं हेच केलं. त्यांच्या बायकोला खाणीवरच्या मुकादमापासून कारखान्याच्या मालकापर्यंत सगळे वहिनीच म्हणत. पहिली काही वर्षं ती शेजारी बसून नवऱ्याच्या चुका काढायची. मग एक दिवस उस्तादांनी वैतागून किल्लीच तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे, तूच चालव, म्हणजे मला पण चुका काढता येतील."

शिकवताना मात्र त्यांनी चेष्टा केली नाही. गिअरच्या दांड्यावर एक बटण होतं. त्यावरची अक्षरं घासून गेली होती, म्हणून उस्तादांनी कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने लिहिलं होतं, 'ओढ'. बटण दाबलं की स्टिअरिंगसमोरच्या तबकड्यांत ट्रेलरच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा.

"ओढ लावली म्हणजे गाडीला सांगितलं, की बाई गं, तुझ्या मागे कोणीतरी आहे," ते म्हणायचे. "मग ती उगाच वरच्या गिअरात पळत नाही. खालचा गिअर धरून ठेवते. उतारावर इंजिनच वेग आवरतं, ब्रेक जळत नाहीत. भरलेली गाडी आणि घाट, की लाव ओढ. रिकामी असली की लावायची नाही. रिकाम्या गाडीला ओढ लावणं म्हणजे घरात चिटपाखरू नसताना दहा माणसांचा स्वयंपाक करणं."

वहिनीने सहा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी सातव्या वळणावर एक ट्रक अडकला होता. उस्ताद त्याला मागे घ्यायला मदत करत रस्त्याच्या कडेला उभे होते. पायाखालचा कठडा खचला आणि ते वीस-पंचवीस फूट खाली गेले. दोन बरगड्या आणि एक मनगट, एवढंच मोडलं. पण डोळे उघडले नाहीत.

"शरीर सावरतंय," डॉक्टर म्हणाले. "माणूस परत यायला हवा."

"कधी येईल?"

"हा आठवडा बघू." एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

दवाखान्यात खाटेशेजारच्या खुर्चीत सासूबाई ठाण मांडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघींनी टक लावून बघितल्याने तो लवकर उठणार आहे का? तू गाडी काढ. गाडी उभी राहिलेली त्याला खपत नाही." मग सोमवारी वहिनीने गाडी काढली. खरं तर त्या खोलीत तिचा जीव गुदमरत होता, आणि हे कबूल करायची तिला लाज वाटत होती.

ऊन छान पडलं होतं. सहा वळणं गाडी पिसासारखी चढली. सातवं ओलांडलं आणि इंजिनाचा सूर बदलला. तो खालच्या पट्टीतला, दमदार, भरल्या गाडीचा आवाज होता. तिने समोर पाहिलं तर पिवळा दिवा लागलेला होता. कोपर लागलं असेल, असं म्हणून तिने बटण दाबून ओढ बंद केली. गाडीने पुढे एक हलकासा हिसका घेतला आणि पुन्हा पिसासारखी पळू लागली.

दुपारी दवाखान्यात सासूबाईंचा चेहरा उतरला होता. "सकाळी श्वास अडकला होता गं. धावपळ झाली सगळ्यांची. आता ठीक आहे."

मंगळवारी निघण्याआधी तिने गाडी मेस्त्रीला दाखवली. त्याने तारा तपासल्या, एक चक्कर मारून आणली आणि काही दोष नसल्याची खात्री दिली. मग वर, "वहिनी, झोपत चला जरा," असा न मागितलेला सल्लाही दिला.

सातव्या वळणानंतर दिवा लागलाच. या वेळी मागच्या जोडाचाही आवाज आला. ट्रेलर जिथे गाडीला अडकवतात, तो जोड पुरतं वजन असल्याशिवाय कधी करकरत नाही. वहिनीने गाडी थांबवली, चाकांमागे दगड लावले आणि मागे जाऊन पाहिलं. ट्रेलरवर दोन दोर आणि घडी केलेली ताडपत्री, बाकी काही नाही. टायर रिकाम्या गाडीचे होते, गुबगुबीत. जोड मात्र भरल्या गाडीचा होता, लोखंडाला लोखंड घट्ट ताणून बसलेलं. तिने त्यावर हात ठेवला. तो अगदी बारीक थरथरत होता.

तिने हात झटकन मागे घेतला. पण सवय ती सवय. रिकाम्या गाडीला ओढ लावायची नाही, असं मनाशी घोकत ती आत बसली आणि तिने ओढ बंद केली. तोच हिसका बसला.

खाणीच्या फाटकावर वजनकाटा होता. येणारी प्रत्येक गाडी आधी रिकामी तोलायची, मगच आत सोडायची. काटेवाल्याने आकडा आणि वेळ लिहिली.

"दोन टन आठशे चाळीस. रोजचंच. का हो वहिनी, चेहरा असा का?"

"वजन जास्त नाही ना?"

"काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "नऊ पन्नास."

वळणापासून फाटकापर्यंत दहा मिनिटं लागतात. दवाखान्यात पोचताच वहिनीने सासूबाईंना विचारलं, आज काही झालं का. झालं होतं. पुन्हा श्वास अडकला होता. किती वाजता, तर नऊ चाळीसला. काल किती वाजता, तर कालही तेव्हाच, ती घाट चढत होती तेव्हा.

वहिनीने दोन्ही वेळा मनात जुळवून पाहिल्या. दोन दिवस नियमाने, शहाण्यासारखं, तिने बटण दाबून कोणाला सोडून दिलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. रडली नाही. तिने नवऱ्याचा थंड पंजा हातात घेतला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "उद्या सोडणार नाही. ऐकताय ना? उद्या नाही सोडणार."

बुधवारी सकाळी ती सातव्या वळणावर आली आणि दिवा लागला नाही.

तिने वाट पाहिली. गाडी पन्नास पावलं पुढे गेली, शंभर गेली. इंजिन हलकं, सूर मोकळा. मागे काहीही नव्हतं. त्या रिकामपणाची तिला जी भीती वाटली, ती आधीच्या दोन्ही दिवशी वाटली नव्हती. तिने ट्रेलरसकट गाडी मागे घेतली, इंचाइंचाने, अगदी वळणापर्यंत. खचलेल्या कठड्याच्या जागी आता दोन पिंपं उभी केली होती. पलीकडे दरी, आणि दरीत ऊन.

मग वहिनीने नियम मोडला. रिकामी गाडी, आणि तिने स्वतःच्या बोटाने ओढ लावली.

"अहो," ती म्हणाली, "धरा."

काही झालं नाही. तिने ब्रेक सोडला. गाडी हळूच निघाली.

जोड करकरला.

वजन एकदम आलं नाही. आधी थोडं आलं, मग आणखी, मग पुन्हा आणखी. गाडी दुसऱ्या गिअरात आली. पुढच्या वळणावर पहिल्यात. माथा अजून तीन वळणं दूर होता आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकत होता.

आरशात रिकामा ट्रेलर दिसत होता. त्यामागे रिकामा रस्ता.

"सोडू नका. मी पण सोडत नाही."

काटा लाल रेघेला टेकला. गरम तेलाचा वास आला. एका क्षणी चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी वीतभर मागे घसरली. वहिनीचं बोट बटणावर गेलं नाही.

चाकांनी रस्ता धरला.

माथा आला.

जोड सैल पडला. आणि मग ट्रेलर जरासा खाली दबला, कोणी दमून टेकावं तसा.

काट्यावर गाडी उभी राहिली तेव्हा काटेवाल्याने आकडा पाहिला, बाहेर येऊन ट्रेलर पाहिला, आत जाऊन पुन्हा आकडा पाहिला.

"वहिनी, आज दीडशे किलो जास्त कसे? दोन माणसं बसवल्यासारखे?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाईंना बोलणं सुचत नव्हतं. "बोटं हलवली गं त्याने! माझा हात धरला! डोळे मिटलेलेच आहेत, पण धरला!"

वहिनी काट्यावरच हसली, रडली, आणि दगड न लादताच तिने गाडी वळवली. उतरताना ओढ तशीच ठेवली. उतारावर तर ती हवीच. इंजिनाने वेग असा आवरला की एकाही वळणावर हिसका बसला नाही. दवाखान्याच्या आवारात गाडी उभी केली, तेव्हाच तिने बटण दाबलं. मागे ट्रेलर हलकेच वर उठला. जिन्याच्या पायऱ्या तिने दोन-दोन करून ओलांडल्या.

उस्तादांचे डोळे उघडे होते.

"आलीस," ते म्हणाले. आवाज गंजलेला, पण त्यांचाच. सासूबाई खुर्चीत पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या. वहिनीने चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी तीन घोट घेतले, चौथा हनुवटीवर सांडला, आणि "चालवतेस तशीच पाजतेस," असं म्हणून ते हसले. तिने त्यांच्या छातीवर कपाळ टेकलं. आता सगळं मार्गी लागेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. त्यांनी मोठ्या कष्टाने पाय आवरून घेतले आणि खाटेच्या टोकाशी जागा केली.

"बसा ना," ते म्हणाले. "उभे का? तुम्हीसुद्धा दमला असाल."

बायकोला किंवा आईला त्यांनी आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. वहिनीने मान वळवून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. खाटेच्या टोकाशी पांढऱ्या चादरीला एक सुरकुती पडली, आणि गादी सावकाश खाली दबली.